एका क्लिकचे दोन: ट्रॅकबॉलच्या नोंदी

शुक्रवार, १४ मार्च २०२५

आज दुपारी कॉम्प्युटरवर नकाशातल्या एका तळ्याची हद्द काढत होते. दोनशेच्या वर बिंदू टाकून झाले होते. शेवटचा बिंदू शेजारच्या ओढ्याच्या रेषेला नेऊन टेकवायचा राहिला होता. डावं बटण दाबलं, धरून ठेवलं, अंगठ्याने बॉल फिरवला आणि अर्ध्या वाटेत बिंदू हातातून सुटला. तळ्याच्या मधोमध जाऊन बसला. अनडू केलं, परत धरला, परत सुटला. चौथ्या वेळी बटण इतकं दाबून धरलं होतं की बोटाचं नख पांढरं पडलं. तरीही सुटला.

बोट उचललेलं नव्हतं हे मी शपथेवर सांगू शकते. इतके महिने माझंच बोट सैल पडतं असं धरून चालले होते. आजपासून तसं धरायचं नाही. नीट मोजायचं, उघडायचं, कारण शोधायचं आणि सगळं इथे लिहून ठेवायचं.

पुढे संदर्भ लागेल म्हणून थोडी पार्श्वभूमी. माझं काम जुन्या नकाशांच्या स्कॅनवरून हद्दी, रस्ते, ओढे उमटवण्याचं आहे. एक क्लिक म्हणजे एक बिंदू. दिवसभर तेवढंच. मनगट दुखायला लागल्यावर २०१२ मध्ये माउस सोडला आणि अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल घेतला. हात एका जागी राहतो, मनगट वळत नाही. दोन महिन्यांत दुखणं गेलं. तेव्हापासून मी दुसरं काही वापरलेलं नाही.

पहिला ट्रॅकबॉल वायरचा होता, २०१२ पासून २०२१ पर्यंत चालला. केबल मानेपाशी तुटली म्हणून बाजूला ठेवला, बटणं शेवटपर्यंत ठणठणीत होती. दुसरा त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, फक्त वायरलेस. तिसरा, म्हणजे आत्ता हाताखाली आहे तो, फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. बाहेरून दुसऱ्यासारखाच हुबेहूब.

रविवार, १६ मार्च

मोजायची सोय केली.

बटणाची प्रत्येक हालचाल लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वेळेसकट नोंदवतो आणि इव्हटेस्ट नावाच्या छोट्या टूलने ती जशीच्या तशी वाचता येते. डाव्या बटणाचा क्रमांक २७२. दाबलं की १, सोडलं की ०. त्याच पद्धतीने वाचणारी वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती एकच गोष्ट टिपते: बटण सुटल्यापासून परत दाबलं जाईपर्यंत किती मिलिसेकंद गेले.

इतक्या खालून वाचायचं कारण असं की लिबइनपुट ही वरची लायब्ररी स्विचच्या अगदी छोट्या उसळ्या, म्हणजे एकाच दाबात होणारी क्षणभराची जोड-तोड, स्वतःहून गाळून टाकते. गाळते ते चांगलंच, पण त्यामुळे दुखणं किती जुनं आहे ते कळत नाही. मला दिसतंय ते गाळूनही उरलेलं.

खरं-खोटं ओळखायचं कसं, ते आधी ठरवलं. मी जाणूनबुजून शक्य तितक्या वेगाने शंभर डबल-क्लिक केले. दोन दाबांमधलं माझं सगळ्यात कमी अंतर ७२ मिलिसेकंद आलं. तेव्हा ५० च्या आतलं अंतर माझ्या बोटाचं असूच शकत नाही. ते स्विचचं.

शुक्रवार, २१ मार्च

पाच दिवसांचा हिशोब:

डावं बटण दाबल्याच्या नोंदी ३१,०४०. त्यातल्या ५० मिलिसेकंदांच्या आतल्या, म्हणजे खोट्या, २,६१८. शंभरात आठांपेक्षा जास्त.

अंतरांची यादी पाहिली तर जवळजवळ सगळी ८ च्या पटीत: ८, १६, २४, ३२, क्वचित ४०. आधी वाटलं स्क्रिप्ट चुकली. मग लक्षात आलं. या ट्रॅकबॉलच्या रिसीव्हरला कॉम्प्युटर सेकंदाला १२५ वेळा विचारतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. त्यामधल्या काळात काय झालं ते त्याला दिसतच नाही.

खरे क्लिक उरले २८,४२२, दिवसाला साधारण ५,७०० पडले. हा आकडा मला पहिल्यांदाच कळला.

संध्याकाळी उजवं बटणही तपासलं. खोटी नोंद एकही नाही. उजवं मी दिवसातून फार तर दोन-तीनशे वेळा दाबते.

शनिवार, २२ मार्च

आज जे सापडलं त्याने झोप उडाली आहे.

सकाळी विचार आला: स्विच एका दाबाचे दोन करतो, तर माझ्या फायलींमध्ये एका जागी दोन बिंदू पडलेले असणार. मध्ये अंगठ्याची किंचित हालचाल झाली असेल तर एका पिक्सेलपेक्षाही कमी अंतरावर दोन. असे जुळे बिंदू डोळ्याला दिसत नाहीत, पण मोजता येतात. आणि माझ्याकडे प्रत्येक शीट तारखेसकट साठवलेली आहे.

बसून सगळ्या मोजल्या. दर हजार बिंदूंमागे जुळे:

फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४, शून्य किंवा एक. ऑक्टोबर २, नोव्हेंबर ४, डिसेंबर ९. जानेवारी २०२५ मध्ये २१, फेब्रुवारीत ३८. या महिन्यात आत्तापर्यंत ५७.

नवा घेतल्यापासून आठव्या महिन्यात स्विच बिघडायला सुरुवात झाली होती. मला जाणवलं डिसेंबरात. मधले महिने आजार आत वाढत होता आणि लायब्ररी तो झाकत होती.

जानेवारीच्या शीट तपासणीतून परत आल्या होत्या, ते आठवलं. वरिष्ठांचा शेरा अजून मेलमध्ये आहे: "कडा दातेरी आहेत, बिंदू अनावश्यक पडले आहेत, हात स्थिर ठेवून काम करा." मी माफी मागितली होती. लिहिलं होतं की घाईत झालं, पुढे काळजी घेईन. नंतर खरंच वेग कमी केला, संध्याकाळी उशिरापर्यंत बसू लागले, डोळे तपासून घेतले. एवढ्या वर्षांचा बसलेला हात, आणि मी त्यालाच दोष दिला.

साधन एकदम बंद पडलं तर माणूस दुसरं आणतो, विषय संपतो. हे तसं नव्हतं. शंभरातले ब्याण्णव क्लिक बरोबर पडत होते, म्हणून उरलेले आठ माझ्या नावावर जात होते. मला राग कशाचा येत असेल तर तो याचा.

दुसऱ्या ट्रॅकबॉलच्या काळातल्या फायलीही मोजल्या. त्याला सोळाव्या महिन्यात सुरुवात झाली होती. पहिल्याच्या शेवटच्या वर्षातल्या फायली काढल्या, म्हणजे नऊ वर्षं वापरल्यानंतरच्या. जुळे बिंदू दर हजारामागे शून्य.

पहिला नऊ वर्षं. दुसरा सोळा महिने. तिसरा आठ.

बुधवार, २६ मार्च

कंपनीला लिहिलं होतं, उत्तर आलं. बॅटरी बदला, रिसीव्हर दुसऱ्या पोर्टला लावा, ड्रायव्हर नव्याने टाका. तिन्ही केलं, तिन्हींचे आकडे पाठवले, सोबत अंतरांची यादी जोडली. त्यावर उत्तर: वॉरंटीचा एक वर्षाचा काळ संपला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

पहिल्याचा डबा माझ्याकडे अजून आहे. त्यावर तीन वर्षं छापलेली आहेत.

यादी उघडून पाहिल्याचं कुठेच दिसलं नाही. मला नवा ट्रॅकबॉल नको होता. त्यांच्यातल्या कुणीतरी "हो, हा स्विचचा दोष आहे" एवढं म्हणावं, इतकंच हवं होतं.

शनिवार, २९ मार्च

उघडला.

स्क्रू खालच्या रबरी पायांमागे लपवलेले. चार पाय सोलून काढले, चारही वाकडे झाले, त्यांचा चिकटपणा गेला. पाचवा स्क्रू स्टिकरच्या खाली. स्टिकरवर बोट फिरवलं की खड्डा लागतो, तिथे. पहिल्याचे स्क्रू उघड्यावर होते, तोही आज शेजारी उघडून ठेवला आहे.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक दिसायला लागतात. बॉल दोघांचा ३४ मिलिमीटरचा, एकाचा दुसऱ्यात चपखल बसतो. त्यावरचे ठिपके सेन्सर वाचतो, तेही सारखेच. बॉल ज्या तीन बारीक टेकूंवर बसतो ते वेगळे. जुन्यात लालसर, कृत्रिम माणकाचे. नव्यात पोलादाचे. भिंगाखाली धरल्यावर नव्याच्या तिन्ही टेकूंचं टोक घासून सपाट झालेलं दिसलं, आणि बॉलवर त्यांनी काढलेली फिकट वर्तुळं. जुन्याचे टेकू अजून गोल आहेत. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. पोलादाची तिथे काय कथा.

बारीक हालचालीला बॉल आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, असं गेले काही महिने वाटत होतं. तेही मी अंगठ्याच्या नावावर टाकलं होतं. टोक सपाट झालं की टेकण्याची जागा वाढते आणि मळ तिथेच धरून राहतो.

हे बघताना सारखं मनात येत होतं की हे उपकरण माउसच्याही आधीचं आहे. रॅल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी ते योजलं. पुढे कॅनडाच्या नौदलाच्या 'डाटार' यंत्रणेत बॉल म्हणून चक्क फाइव्ह-पिन बोलिंगचा चेंडू बसवला होता. रडारच्या पडद्यावरचं लक्ष्य नेमकं टिपायचं, या कामासाठी जन्माला आलेली ही वस्तू. बॉल जिथे नेईल तिथे खूण गेली पाहिजे आणि ठेवली तिथे राहिली पाहिजे. माझी अपेक्षा याहून जास्त कधीच नव्हती.

रविवार, ३० मार्च

डावा स्विच बोर्डावरून काढून उघडला. हे नीट लिहून ठेवते.

स्विच बोटाच्या पेरापेक्षाही लहान. काळ्या खोक्यावर पांढरी कळ. दोन बाजूंच्या खाचांत पातळ पातं घालून झाकण हळूच उचकटलं. ते सुटताच कळ उडते, म्हणून काम एका खोल ताटलीत केलं, आणि बरं केलं. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते. तिच्या मधल्या जिभेला बाक दिलेला असतो, म्हणून कळ थोडी खाली गेली की पट्टी टक्कन दुसऱ्या बाजूला उडते. तो "टक्" आवाज आपल्याला क्लिक म्हणून ऐकू येतो. पट्टीच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा धातूचा ठिपका, खाली तसाच दुसरा. हे दोन ठिपके टेकले की बटण दाबलं गेलं.

भिंगातून पाहिलं. खालचा ठिपका मध्यभागी काळा पडला होता, भोवती करडी कडा. चांदी काळी पडते तोच रंग. कापसाच्या बोळ्याने पुसला तर गेला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडा फिका झाला.

आता सगळं जुळतंय. चांदीचे संपर्कबिंदू मुळात बऱ्यापैकी करंटसाठी असतात. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळा थर चढतो. करंट पुरेसा असेल तर टेकताक्षणी तो थर फुटतो आणि संपर्क साफ राहतो. करंट अगदीच कमी असेल तर थर फुटत नाही, साठत जातो. मग पट्टी टेकलेली असूनही वीज धड जात नाही. आतल्या चिपला वाटतं बोट उचललं. क्षणभराने पुन्हा संपर्क होतो, चिपला वाटतं परत दाबलं. बिंदू दोन पडतात. आणि धरून ठेवलेलं बटण मध्येच तुटलं की ड्रॅग सुटतो, जसा तळ्याच्या मधोमध सुटला.

मल्टिमीटर लावला. जुन्या वायरच्या बोर्डावर स्विचच्या पायांमध्ये ४.७ व्होल्ट, मीटरमधून ते पाय जोडले की जवळपास अर्धा मिलिॲम्पिअर. नव्यात १.८ व्होल्ट आणि २० मायक्रोॲम्पिअर. पंचविसावा हिस्सा. एका बॅटरीवर वर्ष-दीड वर्ष चालवायचं तर प्रत्येक थेंब वाचवावा लागतो, हे मला समजतं. मग इतक्या कमी करंटसाठी सोन्याचा मुलामा दिलेले स्विच मिळतात, ते घालायला हवे होते. सोन्यावर असा थर चढत नाही. दोन्ही बोर्डांवर स्विच एकाच कंपनीचे, क्रमांक मात्र वेगळे. जुन्याचा पत्ता लावला तर तो सूक्ष्म करंटसाठीचाच निघाला. नव्यात घातलेला सर्वसाधारण. यात स्विच करणाऱ्याची चूक नाही. ज्या कामाचा नव्हता त्या कामाला तो लावला गेला.

नव्या स्विचचं आयुष्य त्याच्या माहितीपत्रकात एक कोटी दाब लिहिलेलं आहे. माझ्या वेगाने ते सातेक वर्षं व्हायला हवं. ऑक्टोबरपर्यंत कामाचे दिवस साधारण १७०, म्हणजे दाब दहा लाखांच्याही आत. पहिल्याचा नऊ वर्षांचा हिशोब केला तर सव्वा कोटीच्या वर जातो. छापलेला आकडा खोटा नाही. पट्टी कोटी वेळा वाकेलही. पण वाकणं वेगळं आणि वीज वाहून नेणं वेगळं, आणि मला गरज दुसऱ्याची होती.

शनिवार, ५ एप्रिल

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स कळणारा एक सहकारी आहे. त्याला दोन्ही बोर्ड दाखवले. त्याने नवा बोर्ड उलटा करून एका पायावर बोट ठेवलं. "ताई, हा तिसरा पाय बघा. कुठेच जात नाही."

खरंच. स्विचला तीन पाय असतात: एक सामाईक, एक दाबल्यावर जोडला जाणारा, एक न दाबता जोडलेला. तिन्ही वापरले तर चिपला दोन्ही टोकं कळतात. पट्टी एका टोकावरून निघाली आणि दुसऱ्याला एकदा टेकली की "दाबलं" असं धरून ठेवायचं. परत पहिल्या टोकाला टेकेपर्यंत मधल्या कितीही उसळ्या विसरायच्या. या पद्धतीत एका क्लिकचे दोन होणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी जास्तीचा सुटा भाग लागत नाही. बोर्डावर एक रेघ आणि चिपचा एक पाय लागतो. माझ्या बोर्डावर तिसरा पाय सोल्डर केलेला आहे, पण त्याच्यापासून रेघच काढलेली नाही.

काळ्या ठिपक्यापेक्षा या न काढलेल्या रेघेने मला जास्त वाईट वाटलं. झिजणं मी समजू शकते.

घरी येऊन पहिला प्रयोग लावला. जुन्या ट्रॅकबॉलला नवी केबल जोडली. नव्यातल्यासारखाच, न उघडलेला पण तितकाच वापरलेला डावा स्विच हवा होता. तो दुसऱ्या ट्रॅकबॉलमधून काढला, कारण तोही असाच बिघडून पडला आहे. सोल्डर शिशाविना असल्याने लवकर वितळत नाही. त्यात थोडं शिशाचं सोल्डर मिसळलं, ते १८३ अंशांना वितळतं, आणि तांब्याच्या जाळीने सगळं शोषून घेतलं. तीन पाय, वीस मिनिटं. घाई केली की बोर्डाचं तांबं उचललं जातं.

म्हणजे आता दुसऱ्यातला बिघडलेला स्विच, जुन्या बोर्डावर, ४.७ व्होल्टवर.

शुक्रवार, ११ एप्रिल

तोच स्विच आधीच्या जागी शंभरात सहा वेळा चुकत होता. काढण्यापूर्वी हजार दाबांवर मोजून ठेवलं होतं. जुन्या बोर्डावर पाच दिवसांत शंभरात एकाच्याही खाली आला, आणि दिवसागणिक कमी होतोय. व्होल्टेज आणि करंट मिळाल्यावर थर फुटतो, हे इथे दिसतंय. अगदी शून्य मात्र होत नाही.

शनिवार, १९ एप्रिल

उलटा प्रयोग. पहिल्या ट्रॅकबॉलचा नऊ वर्षं वापरलेला मूळ स्विच नव्या बोर्डावर, १.८ व्होल्टवर बसवला होता. आठवडाभर त्यावर काम केलं. २७,०००च्या वर क्लिक, खोटी नोंद एकही नाही.

तो हाताखाली असताना काय वाटलं ते लिहिलंच पाहिजे. त्याची "टक्" थोडी जाड आहे, किंचित जास्त जोर लागतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी नेहमीसारखं प्रत्येक क्लिकनंतर झूम करून बिंदू तपासत होते. केव्हातरी ते थांबलं आणि थांबल्याचं मला संध्याकाळी कळलं. रोजच्यापेक्षा पाऊण शीट जास्त झाली होती.

शनिवार, २६ एप्रिल

सोन्याचा मुलामा दिलेले नवे स्विच आले. सूक्ष्म करंटसाठीचे, आकार तोच, पाय तेच. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसवले. जुना मूळ स्विच परत त्याच्या घरी नेऊन लावला. त्याचा सव्वा कोटींचा पल्ला झाला आहे, त्याला आता सुटे भाग म्हणून वापरायचं नाही.

पोलादी टेकूही काढले. मागून पिनने ठोकल्यावर निघतात. त्या जागी अडीच मिलिमीटरच्या झिरकोनियाच्या, म्हणजे एका कठीण सिरॅमिकच्या, गोळ्या दाबून बसवल्या. पहिले दोन तास बॉल कोरडा, अडखळत फिरत होता. नव्या टेकूंवर असं होतं, हाताचा तेलकटपणा बॉलवर चढला की गुळगुळीत चालतो. तसाच झाला.

रबरी पाय नवे लावले. पाचव्या स्क्रूवर स्टिकर परत चिकटवला नाही.

शनिवार, ७ जून

सहा आठवडे. २९ कामाचे दिवस, डाव्या बटणाचे १,७१,३६० क्लिक. ५० मिलिसेकंदांच्या आतली नोंद शून्य.

तरी स्क्रिप्ट बंद केलेली नाही. आकडा शून्य दिसतो, तरी मी दिवसातून दोनदा बघते. पहिल्या ट्रॅकबॉलच्या वेळी नऊ वर्षांत असं एकदाही बघावंसं वाटलं नव्हतं. दुरुस्ती झाली, पण तो निर्धास्तपणा अजून परत आलेला नाही.

या महिन्यात ऑक्टोबर ते मार्चच्या सगळ्या शीट साफ केल्या. जुळे बिंदू काढणारी स्क्रिप्ट चालवली, मग प्रत्येक कड डोळ्यांखालून घातली. जानेवारीच्या शीट वरिष्ठांकडे नव्याने पाठवल्या. सोबत महिन्यागणिक आकड्यांचा तक्ता आणि काळ्या ठिपक्याचा भिंगातून घेतलेला फोटो. लिहिलं: "जानेवारीत मी घाईत झालं असं कळवलं होतं, ते चुकीचं होतं. कारण सोबत जोडलं आहे."

शनिवार, १४ जून

वरिष्ठांचं उत्तर आलं. "तक्ता पाहिला. माझ्याकडच्या आणखी दोघांच्या शीटमध्ये असेच बिंदू येत आहेत, त्यांनाही मी हात स्थिर ठेवा असंच सांगत आलो. तुमची स्क्रिप्ट त्यांना द्याल का?" खाली शेवटची ओळ: "जूनच्या शीट क्रमांक ४१ मध्ये उत्तरेच्या कडेला एक जुळा बिंदू राहिला आहे."

४१ उघडली. खरंच होता. दोन बिंदू, तीन पिक्सेलच्या अंतरावर. त्या दिवशीची नोंद काढून पाहिली. ५० च्या आतलं अंतर दिवसभरात एकही नव्हतं. म्हणजे तो स्विचचा नव्हता, माझा होता. कड वळते तिथे मी दोनदा विचार केला होता.

बिंदू काढला. शीट परत पाठवली. स्क्रिप्ट दोघांना दिली, ५० चा आकडा आपापल्या बोटाच्या वेगाने ठरवून घ्या असं सांगून.